पाचवी आणि सहावी घंटी

कवळीवाल्यांनी घड्याळ विकायचं ठरवलं ते अगदी साध्या कारणानं. त्या घड्याळाला दर रविवारी तीन ठिकाणी चावी द्यावी लागे, आणि तिसरी देताना त्यांचं मनगट आता ऐकेनासं झालं होतं. मुलगी म्हणाली, "मी देत जाईन की." त्यावर ते म्हणाले, "आज तू देशील, उद्या विसरशील, परवा ते बंद पडेल. वस्तू चालती असताना दिली तर देणं. बंद पडल्यावर दिली तर ते टाकणं."

एकेचाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या होत्या. गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणूनच ओळखत. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं भरलं," हा त्यांचा विनोद इतका जुना होता की त्याचा पहिला शब्द कानावर पडताच बायको उठून आतल्या खोलीत जाई आणि शिवणयंत्र सुरू करी.

घड्याळ होतं मेजावर ठेवायचं, इंग्लंडात बनलेलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. काळ्या लाकडाची पेटी, वर उचलायला पितळी मूठ, तबकडीवर कारागिराचं नाव वळणदार अक्षरात कोरलेलं. मागचं काचेचं दार उघडलं की आत एका आडव्या दांडीवर आठ घंट्या दिसत, एकात एक घुसवलेल्या वाट्यांसारख्या, लहानीपासून मोठीपर्यंत. दर पंधरा मिनिटांनी आठ हातोड्या त्यांच्यावर एकामागून एक पडत आणि वरच्या 'सा'पासून खालच्या 'सा'पर्यंत सूर उतरत येई. पाव तासाला एकदा, अर्ध्याला दोनदा, पाऊणला तीनदा. पूर्ण तासाला चारदा, आणि मग एक जाड घंटा किती वाजले ते सांगे.

एकतीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा ते घड्याळ माळ्यावरच्या खोक्यात निघालं. "बंद आहे. नेतोस तर ने," डॉक्टर म्हणाले होते. कवळीवाल्यांनी ते वर्षभर दर रविवारी बसून खोललं, पुसलं, घासलं आणि पुन्हा जोडलं. घड्याळजीचं एकही हत्यार त्यांच्याकडे नव्हतं. मेण कोरायची सुरी, बारीक कानशी, तारा वाकवायचा चिमटा, जे होतं त्यावर भागवलं. ज्या दिवशी ते वाजलं त्या दिवशी त्यांनी बायकोला शिवणावरून आणि अकरा वर्षांच्या मुलीला अभ्यासावरून उठवून समोर बसवलं होतं.

आता मुलगी बेचाळीस वर्षांची होती, औषधांच्या दुकानात काम करत होती आणि आईवडिलांजवळच राहत होती. जाहिरात तिनंच फोनवर लिहिली. "जुनं इंग्रजी घड्याळ, सूर वाजवणारं, उत्तम चालू स्थितीत." वडिलांनी ती चष्मा लावून वाचली आणि सांगितलं, "लिही, मागच्या काचेला खालच्या कोपऱ्यात तडा आहे."

"बाबा, तो दिसतसुद्धा नाही."

"म्हणूनच लिही. आणि डावा मागचा पाय नंतर बसवलेला आहे. आणि आठवड्याला दोन मिनिटं पुढे जातं."

आतून आई म्हणाली, "हिचं स्थळ बघताना अशीच जाहिरात दिली होतीत. पोरगी अजून घरात आहे."

"मी माझ्या मर्जीनं घरात आहे," मुलगी म्हणाली.

पहिल्या आठवड्यात तिघांनी फोन केले. एकाला नुसती पेटी हवी होती. आतलं यंत्र काढून तो तिथं बाटल्या ठेवणार होता. दुसऱ्यानं विचारलं की आवाज बंद करता येतो का, आणि येतो म्हटल्यावर विचारलं की मग कायमचा बंद करून मिळेल का. तिसरा येतो म्हणाला आणि आला नाही.

बुधवारी संध्याकाळी एक बाई आल्या. पंचावन्नच्या आसपासच्या, आखूड केसांच्या, खांद्यावर जड पिशवी. पियानो सुरात लावून देणं हा आपला धंदा असं त्यांनी सांगितलं. लोकांच्या घरी जायचं, तारा ताणायच्या, हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा बदलायचा. पिशवीत त्यांची हत्यारं होती, आणि कवळीवाल्यांचं लक्ष घड्याळापेक्षा आधी त्या पिशवीकडेच गेलं.

साडेपाचला घड्याळ वाजलं. पियानोवाल्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर सुरांबरोबर हलत होती. मध्येच एका ठिकाणी बोटं थांबली. दुसऱ्यांदा सूर उतरला तेव्हाही बोटं तिथंच थांबली.

"पावणेसहापर्यंत थांबले तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"रात्रीपर्यंत थांबा," कवळीवाले खूष होऊन म्हणाले, आणि त्यांना मागचं दार उघडून यंत्र दाखवू लागले. कुठल्या चाकाचा दात झिजला होता, कुठली स्प्रिंग नवी घातली, साखळी कशी उकळत्या पाण्यात धुतली. बाई सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. पावणेसहाला सूर पुन्हा तीनदा उतरला. मग कवळीवाल्यांनी सांगितलेल्या किमतीला बाईंनी एका शब्दात हो म्हटलं आणि रविवारी चारला गाडी घेऊन येते म्हणाल्या.

मुलगी त्यांना सोडायला खाली गेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर बाई थांबल्या.

"एक विचारू? तुमच्या वडिलांनी हे स्वतः दुरुस्त केलंय ना? सगळं?"

"सगळं. का?"

"काम सुरेख आहे. फक्त पाचवी आणि सहावी घंटी एकमेकींच्या जागी बसली आहेत. म आणि ग. शेजारचे सूर, त्यामुळे आकारात फरक जेमतेम. सां नी ध प, आणि मग आधी ग वाजतो, नंतर म. तुम्ही कधी ऐकलं नाहीत?"

मुलीनं मनातल्या मनात तो सूर म्हणून पाहिला. एकतीस वर्षं तो तसाच होता. उतरता उतरता एक पायरी गाळायचा, परत एक चढायचा आणि मग खाली यायचा. तिला तर वाटत आलं होतं की घड्याळांचं गाणं असंच असतं.

"मला काही अडचण नाही," बाई म्हणाल्या. "नेल्यावर मी बदलीन, तासाभराचं काम आहे. पण त्यांना सांगू नका. इतक्या हौसेनं दाखवत होते."

मुलीनं मान डोलावली. त्या क्षणी तिला ते शहाणपणाचं वाटलं.

ती वर आली तेव्हा सहा वाजत होते. चारदा सूर उतरला आणि चारही वेळा ती त्या जागी अडखळली. आता ऐकू येऊ नये असं म्हणून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी सहज विचारलं, "त्या बाई जिन्यात काय म्हणाल्या?"

"काही नाही. किमतीचंच."

"किमतीचं वर बोलून झालं होतं."

"मग गाडी कुठे लावायची ते विचारत होत्या."

त्यांनी पुढे विचारलं नाही. पण ती दुकानात गेल्यावर बराच वेळ ते खिडकीजवळ बसून राहिले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक म्हणजे बाईंनी घासाघीस केली नाही. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत असतं, हा त्यांचा एकेचाळीस वर्षांचा अनुभव होता. आणि दुसरं म्हणजे गुडघ्यावरची ती बोटं.

शुक्रवारी बायको शिवणाचं कापड आणायला बाहेर पडली तेव्हा त्यांनी घड्याळ थांबवलं, मागचं दार उघडलं आणि सुरीच्या लाकडी मुठीनं एकेक घंटी हळूच वाजवली. लहानीपासून मोठीकडे. चार झाल्या. पाचवी वाजवली, सहावी वाजवली. मग पुन्हा पाचवी. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण जिना कळत होता. पाचवी पायरी सहाव्या पायरीच्या खाली होती.

त्यांनी दार लावलं. लंबक मात्र पुन्हा हलवला नाही.

बायको परत आली आणि पिशवी ठेवता ठेवताच म्हणाली, "घरात काय झालंय? कानात बोळे घातल्यासारखं वाटतंय."

"घड्याळ थांबवलंय. जायचंच आहे ते."

"रविवारी जायचंय. आज शुक्रवार आहे."

ते उठून खिडकीजवळ जाऊन बसले. जेवताना बोलले नाहीत, शनिवारी सकाळी बोलले नाहीत, दुपारी त्यांच्या आवडीचा बुद्धिबळाचा डाव मांडून शेजारी हाका मारत राहिला तरी गेले नाहीत. शनिवारी संध्याकाळी मुलगी दुकानातून आली तेव्हा आईनं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझ्या बाबांच्या तोंडाला कुलूप लागलंय. तुला काय माहीत आहे ते मला सांग."

मुलीनं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"एवढंच? अगं, तो सूर अडखळतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जिना उतरताना कुणाचीतरी चप्पल निसटावी तसा."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"वर्षभर त्यांचा रविवार त्यात गेला होता. वाजलं तेव्हा त्यांचं तोंड बघितलं होतंस का तू? आणि नंतर मग सवय झाली. सवय झालेल्या गोष्टीला कोण नावं ठेवतं?"

"माझी चूक मला सोडून सगळ्यांना माहीत," दारातून आवाज आला.

दोघी वळल्या. कवळीवाले पाण्याचा पेला हातात घेऊन उभे होते. पेला त्यांनी ओट्यावर ठेवला.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"चुकीचं मला वाईट वाटलंच. पण ते तासभर. चूक हातून होते. दोन दिवस मला जे लागलंय ते वेगळं आहे. तू मला गाडी कुठे लावायची ते सांगितलंस. मी विचारलं आणि तू लहान मुलाची समजूत काढावी तशी माझी काढलीस." मग बायकोकडे वळून म्हणाले, "आणि तू तर एकतीस वर्षं."

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "हो. चुकलंच माझं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य फार क्वचित निघे.

ओट्याला टेकून ते म्हणाले, "कवळी नीट बसली नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी गाल धरून दारात उभा राहतो. हे बिचारं घड्याळ कुठे जाणार होतं?"

"त्या बाई नेल्यावर बदलणार आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांना चालतंय. आता उगाच त्यांच्यासमोर विषय काढून कशाला दात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं?"

"दात दाखवणं हाच माझा धंदा," ते म्हणाले. "उद्या सकाळी तुला सुट्टी आहे ना? मला दोन हात लागतील. माझे आता दीडच आहेत."

रविवारी सकाळी नऊला त्यांनी मेजावर जुनी पांढरी चादर पसरली. खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला. घड्याळ पेटीतून बाहेर काढायला दोघांना पाऊण तास लागला, कारण ते प्रत्येक स्क्रू काढल्यावर थांबून तो कुठला ते कागदावर लिहायला लावत. मागच्या वेळी त्यांनी सगळे स्क्रू एका वाटीत टाकले होते. "तेव्हा वाटायचं, आपल्याला सगळं लक्षात राहतं," ते म्हणाले.

दांडीच्या टोकाचा नट घट्ट बसला होता. मुलीनं दांडी धरली, त्यांनी नट फिरवायचा प्रयत्न केला, आणि मनगट ऐकेना. ते थांबले. हात मांडीवर ठेवला. तिनं "मी करू?" असं विचारलं नाही. दोन मिनिटांनी त्यांनीच चिमटा तिच्याकडे दिला.

"डावीकडे. जोर नको. औषधाच्या बाटलीचं झाकण काढतेस ना, तसं."

नट सुटला. मोठी घंटी निघाली, मग चामड्याची चकती, मग सातवी, मग पुन्हा चकती. सगळं क्रमानं चादरीवर मांडलं. सहावी आणि पाचवी शेजारी ठेवल्यावर दोन्हींच्या काठात नखाएवढा फरक होता, आणि तोही निरखून पाहिला तर. जी आत होती ती किंचित मोठी.

मुलीला बारीक अक्षरं वाचायची सवय होती. तिनं एक घंटी उलटी करून उजेडात धरली.

"बाबा, आत काहीतरी कोरलंय. रेघा आहेत."

त्यांनी भिंग घेतलं. घंटीच्या पोटात काळ्या पुटाखाली कानशीनं मारलेल्या बारीक खुणा होत्या. त्यांनी कापडानं घासलं आणि मोजल्या. पाच. दुसरीत सहा. मग त्यांनी एकेक करून आठही घंट्या उलट्या केल्या. पहिलीत एक, आठवीत आठ.

"बाहेरून आरशासारख्या चकचकीत केल्या होत्या मी," ते म्हणाले. "आतून कशाला घासायच्या म्हटलं, कुणाला दिसणार आहे? त्या कारागिरानं सगळं लिहून ठेवलं होतं. मी बघितलं नाही." आणि ते हसले. दोन दिवसांनंतर पहिल्यांदा. "हुशार माणूस. माझ्यासारखा कुणीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं."

त्यांनी मग सगळ्या घंट्या आतूनही घासल्या. आईनं तिथंच तिघांचा चहा आणून ठेवला आणि चादरीवर डाग पाडाल तर बघा म्हणून बजावलं. जोडायला खोलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाचवी बसवताना मुलीनं खुणा मोठ्यानं मोजल्या, सहावी बसवताना त्यांनी. बाराच्या सुमाराला यंत्र पेटीत गेलं, लंबक हलला. काटे पुढे नेत त्यांनी बाराला आणले.

सूर सरळ उतरला. वरून खालपर्यंत, एकही पायरी न चुकता, चार वेळा. मग जाड घंटेचे बारा ठोके.

मुलीचे कान त्या जागी अडखळायला तयार होऊन बसले होते आणि तिथं काहीच घडलं नव्हतं. अस्सल, गोड, नेमका सूर. कुठल्याही चांगल्या घड्याळाचा असावा असा.

"हे कुणाचं घड्याळ आणलंत?" आई म्हणाली.

"आवडलं नाही?"

"आवडलं. छान आहे. पण ओळखीचं नाही." तिनं कप गोळा केले. "बरं झालं. आता ते जाताना जिवाला लागणार नाही. आपलं होतं ते शुक्रवारीच गेलं."

पियानोवाल्या बाई बरोबर चारला आल्या. दारात त्यांनी पायपुसण्यावर पाय पुसले न पुसले तोच आतून घड्याळ वाजलं. त्या जागीच थांबल्या, पूर्ण ऐकलं आणि मुलीकडे पाहिलं. मुलीनं नकारार्थी मान हलवली. मी नाही.

"बसा," कवळीवाले म्हणाले. "पैसे देण्याआधी एक सांगायचंय. बुधवारी तुम्ही ऐकलंत त्यात दोन घंट्या उलट बसल्या होत्या. चूक माझी. आज नीट केल्या. घंट्यांच्या आत मूळ खुणा आहेत, त्या मी स्वच्छ केल्यात, पुढं कुणाला कळावं म्हणून. किंमत कमी करायची असेल तर सांगा."

"किंमत कशाला कमी करू? मला बुधवारीच कळलं होतं."

"ते मला माहीत आहे. मग मला का नाही सांगितलंत?"

बाई जरा गोंधळल्या. "खरं सांगू? मी रोज चार घरांत जाते आणि लोकांना तोंडावर सांगते की तुमचा पियानो बेसूर आहे. त्याचेच पैसे घेते. पण तुम्ही ती साखळी धुतल्याचं सांगत होतात ना, तेव्हा माझी जीभ रेटेना. माफ करा."

"पुढच्या वेळी रेटा," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला उरलेली कामं फार नसतात. त्यातलं एक तुम्ही जिन्यात परस्पर घेऊन चालला होतात."

बाई हसल्या, आणि मग ते दोघं पंधरा मिनिटं बाईंच्या पिशवीतल्या हत्यारांवर बोलत राहिले. लंबक अडकवून कसा न्यायचा, घड्याळ गाडीत उभं ठेवायचं की आडवं, हे सांगता सांगता कवळीवाल्यांनी टोपी घातली. "मेज सपाट नसेल तर ते लंगडं चालतं. मीच येऊन बसवतो. तू पण चल गं."

बाईंचं काम करायचं ठिकाण एका जुन्या छापखान्याच्या मागच्या बाजूला होतं. लांबट खोली, उंच खिडक्या, सरसाचा वास. तीन पियानो उघडे पडले होते, कुणाची तारांची पाठ दिसत होती, कुणाच्या हातोड्या बाहेर काढून फळीवर ओळीनं निजवल्या होत्या. कवळीवाल्यांनी घड्याळ भिंतीलगतच्या मेजावर ठेवलं, कान लावून टिक आणि टॉकमधलं अंतर ऐकलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, पुन्हा ऐकलं, घडी अर्धी केली. मग चाव्या पियानोवाल्या बाईंच्या हातात देऊन तिन्ही ठिकाणी त्यांच्याकडून देऊन घेतल्या. तिसऱ्या चावीला बाईंच्या मनगटानं काही कुरकुर केली नाही हे त्यांनी नीट पाहून घेतलं.

"हे आठवड्याला दोन मिनिटं पुढे जातं," ते म्हणाले.

"जाहिरातीत वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "अशी जाहिरात वाचली म्हणूनच तर आले."

परतताना दोघं बसच्या मागच्या बाकावर बसले होते. चौकात बस बराच वेळ थांबली. समोरच्या दुकानात एक माणूस काच पुसत होता. वडील त्याच्याकडे बघत होते.

"एक विचार मनातून जात नाहीये," ते म्हणाले. "ज्यांच्या कवळ्या बसल्या नाहीत ते परत आले. जे आले नाहीत त्यांच्या नीट बसल्या, असं मी धरून चाललो. पण तुझ्या आईसारखी माणसंही असतील त्यांत. सवय करून घेतलेली."

मुलीला खोटं या आठवड्यात पुरेसं झालं होतं.

"असतील काही," ती म्हणाली.

"हं." त्यांनी मान हलवली. "फार नसू देत म्हणजे झालं."

बस सुटली. उरलेल्या वाटेत ते तिला हातोड्यांवरचा नमदा कसा दाबून बसवतात ते सांगत राहिले. बाईंनी त्यांना गुरुवारी ते बघायला बोलावलं होतं, आणि त्यांना आत्ताच एक सुधारणा सुचली होती.

घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत, अर्धी बाही हातात धरून, आई गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाप-लेक दारात क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी जोडे तिथंच काढून हातात घेतले आणि आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन बसले.